एक सिकू, दोन माणसं

तितिकाका सरोवराच्या काठी, 3,800 मीटर उंचीवर राहणारे आयमारा लोक 'सिकू' वाजवतात. वेळूच्या नळ्या लांबीच्या क्रमानं बांधलेलं हे वाद्य पूर्ण होतं ते दोन माणसांच्या हातात. सप्तकातले लागोपाठचे स्वर दोन रांगांत आलटूनपालटून वाटलेले असतात. साधारणपणे सहा नळ्यांची रांग 'इरा', म्हणजे पुढे चालणारी. सात नळ्यांची 'आर्का', मागून येणारी. इरावाला एक सूर फुंकतो, पुढचा आर्कावाला. अशी दोघांच्या श्वासांतून एक धून विणली जाते. एवढ्या विरळ हवेत एकाचा दम सुरू असताना दुसऱ्याला उसंत मिळते, ही सोयही मला कमी मोलाची वाटत नाही.

ही जोडी फार जुनी. पेरूतले प्राचीन नाझ्का लोक असल्या नळ्या चक्क मातीच्या घडवून भाजत. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांच्या मडक्यांवर दोन वादक समोरासमोर दिसतात, आणि त्यांची वाद्यं एका दोरीनं जोडलेली असतात. 1609 साली इतिहासकार इन्का गार्सिलासो दे ला वेगानं तितिकाका परिसरातल्या कोया लोकांच्या वेळूच्या नळ्यांबद्दल लिहिलं. एकाच्या सुराला दुसरा सुरानंच उत्तर देतो, हे त्यानंही टिपलं होतं.

बोलिव्हियातलं वालाता ग्रांदे हे गाव सिकू घडवण्याच्या कारागिरीसाठी नावाजलेलं. थंड पठारावर हा वेळू उगवत नाही. तो पूर्वेच्या उबदार युंगास दऱ्यांतून येतो. पातळ सालीचा, लांब कांड्यांचा. कांडं असं कापतात की खालच्या पेराचा पडदा शाबूत राहावा आणि वरचं तोंड मोकळं. तळ बंद असल्यानं नळी आपल्या लांबीच्या मानानं खर्जात बोलते: 19 सेंटिमीटरच्या आसपासची नळी सेकंदाला 440 कंपनांचा सूर देते. सर्वांत मोठ्या 'तोयो'च्या नळ्या मीटरभर लांब असतात. मापाच्या काठीवरून लांबी घेतात, पण शेवटचा निवाडा कानाचा. सूर खाली असेल तर तोंड थोडं तासायचं किंवा आत धान्याचे दाणे टाकायचे. नळी जास्त कापली गेली, तर मात्र इलाज नाही. सगळे सूर जुळले की वेळूच्याच चिरलेल्या पट्ट्या आडव्या लावून दोऱ्यानं रांग आवळतात.

शहरी वाद्यवृंदांत हल्ली दोन्ही रांगा एकत्र धरून एकच वादक वाजवतो. त्यात सफाई येते, पण सवालजवाब हरवतो, आणि सिकूचा प्राण तोच आहे. म्हणून सिकू घ्यायचा झाला, तर आर्का फुंकणारा सोबती आधी शोधा.