वादळाने रस्त्यात गाठले तर…

एप्रिल-मे महिन्यांतील दुपार कलू लागलेली असते. रिसोड तालुक्यातील केनवड परिसरातून मालेगाव, मेहकर किंवा रिसोडच्या दिशेने जाणाऱ्या वाहनचालकाला क्षितिजावर काळाभोर ढग दिसतो. वारा पूर्ण पडलेला, उकाडा असह्य. मग एकाएकी थंड हवेचा झोत अंगावर येतो, ओल्या मातीचा वास येतो आणि पाठोपाठ नांगरलेल्या शेतांवरून धुळीची भिंतच चालून येते. पुढची दहा-पंधरा मिनिटे कसोटीची असतात. या वेळी बहुतेक जण आडोसा शोधतात. एखादे मोठे झाड, टिनपत्र्याचे शेड, महामार्गावरचा पूल, पेट्रोल पंपाचे छत, जे जवळ असेल ते. वादळात घात होतो तो बहुधा अशा आडोशानेच.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण वाशीमच्या शेजारच्याच जिल्ह्यातील आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात आरतीसाठी भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला तेव्हा अनेक जण टिनाच्या शेडखाली उभे राहिले. शेजारचा जुना कडुनिंब उन्मळून त्याच शेडवर कोसळला आणि सात जण दगावले. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपर येथे सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. १७ जणांचा मृत्यू झाला, कित्येक वाहने सांगाड्याखाली चिरडली गेली. महापालिकेच्या नियमानुसार अशा फलकाची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट होती. एक घटना वऱ्हाडातील खेड्यातली, दुसरी महानगरातली. दोन्हीकडे वारा थेट जिवावर उठला नाही, त्याने पाडलेली वस्तू उठली.

वावटळ, वळीव आणि घूर्णवात

बोलीत या सगळ्याला सरसकट 'वादळ' म्हटले जाते; वाहनचालकाने मात्र फरक ओळखणे उपयोगाचे. उन्हाळ्यात मोकळ्या रानात पाचोळा, धूळ घेऊन गरगरत जाणारी वावटळ निरभ्र आकाशातही उठते. तिचा ढगाशी संबंध नसतो आणि काही मिनिटांतच ती विरते. दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत धूळ घालण्यापलीकडे तिचा उपद्रव सहसा जात नाही.

वळवाचे वादळ वेगळे. उन्हाळ्यात विदर्भावर तापलेली कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे बाष्प यांची गाठ पडते व दुपारनंतर उंचच उंच गडगडाटी ढग उभे राहतात. त्या ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. झाडे, विजेचे खांब, टिनपत्रे उडवणारा वारा बहुधा हाच. तो गरगरत नाही, सरळ रेषेत झोडपतो. म्हणूनच पडलेली झाडे साधारण एकाच दिशेला आडवी झालेली दिसतात.

तिसरा प्रकार म्हणजे टॉर्नेडो, मराठी शास्त्रीय परिभाषेतील घूर्णवाती वादळ. ढगाच्या तळातून हत्तीच्या सोंडेसारखा लोंबणारा, स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरणारा हा स्तंभ जमिनीला टेकला की वाटेतले सारे उद्ध्वस्त करतो. भारतात तो मुख्यतः पूर्व आणि ईशान्येकडे आढळतो. २४ मार्च १९९८ रोजी ओडिशातील बालासोर व पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर परिसरात अशा वादळाने शंभरावर बळी घेतले. ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडी भागाला असाच तडाखा बसला. परंतु तो केवळ बंगालचा पाहुणा समजण्यात अर्थ नाही. १७ मार्च १९७८ रोजी खुद्द दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात तो उतरला होता आणि २८ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात तो अतिशय विरळा. केनवडच्या रस्त्यावर गाठ पडेल ती बहुतेक वेळा वळवाच्या वाऱ्याशीच. मात्र मोटारीत बसलेल्या माणसाचे काय होते, याचा अभ्यास घूर्णवाती वादळांच्या निमित्ताने अमेरिकेत जितका झाला तितका अन्यत्र नाही, आणि त्यातील बरेचसे धडे वळवालाही लागू पडतात.

मोटार म्हणजे घर नव्हे

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात स्टेअरिंग किंचित ओढले जाते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात रिकामा ट्रक कलंडू शकतो. जपानमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी १९७१ साली या वादळांची तीव्रता मोजण्याची श्रेणी तयार केली. तिच्या खालून दुसऱ्याच पायरीवर, म्हणजे ताशी ११७ ते १८० किलोमीटर वेगात, धावत्या मोटारी रस्त्याबाहेर ढकलल्या जातात. त्यापुढच्या पायरीवर त्या जमिनीवरून उचलल्या जातात.

१० एप्रिल १९७९ रोजी टेक्सासमधील विचिटा फॉल्स या शहरातील मृतांमध्ये निम्म्याहून अधिक जण वाहनांत होते. त्यांतील कित्येक जण घरातून निघून मोटारीने पळण्याच्या प्रयत्नात होते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ तर टिम समारास हे अनुभवी वादळ-संशोधक, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही मोटारीतच ठार झाले. त्या वादळाची रुंदी चार किलोमीटरहून अधिक झाली होती. ज्यांचे आयुष्य वादळांचा माग काढण्यात गेले, त्यांचाही अंदाज चुकला. तेव्हा 'गाडी जोरात काढू, निसटू' हा भरवसा सामान्य चालकाने न बाळगलेलाच बरा.

पुलाखाली थांबण्याचा गैरसमजही तिथलाच. १९९१ साली कॅन्सस राज्यात एका वृत्तवाहिनीच्या चमूने महामार्गावरील पुलाखाली आसरा घेतल्याचे चित्रीकरण जगभर दाखवले गेले आणि पूल सुरक्षित असतो अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात ते वादळ त्या पुलावरून पूर्ण ताकदीनिशी गेलेच नव्हते. आठ वर्षांनी, ३ मे १९९९ रोजी, ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसऱ्याला गेलेल्यांपैकी प्रत्येकी एक जण मरण पावला. पुलाखालच्या अरुंद जागेतून वारा अधिक वेगाने घुसतो, उडणारे पत्रे-दगड तेथूनच जातात आणि वर चढून तुळईला चिकटणाऱ्याला तर जमिनीलगतच्यापेक्षा जोराचा वारा झेलावा लागतो.

वाशीम जिल्ह्यातून जवळपास शंभर किलोमीटर जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पुलाखालच्या गर्दीचा आणखी एक धोका आहे. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. धुळीत किंवा पावसात पुलाखाली रस्त्यातच थांबलेली वाहने मागून येणाऱ्याला दिसत नाहीत. गाडी कोरडी राहावी म्हणून एवढी जोखीम घेण्याजोगे त्यात काही नाही.

निघण्यापूर्वी, आणि नंतर

खरा निर्णय ढग दिसण्याआधीचा असतो. भारतीय हवामान खात्याचे नागपूर येथील प्रादेशिक केंद्र वाशीमसह विदर्भाच्या जिल्ह्यांसाठी पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत इशारे देते. शिवाय पुढील तीन तासांपुरते तातडीचे इशारेही निघतात. विजांची माहिती देणारे 'दामिनी' हे मोबाइल ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. लग्नसराईत पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्यांनी दुपारी जेवणे उरकून चारच्या सुमारास निघण्याऐवजी सकाळचाच प्रवास ठरवला, तर निम्मा प्रश्न सुटतो. विदर्भातील वळीव बहुधा दुपार उलटल्यावरच येतो.

वाटेत ढग दाटून आलाच, तर पुढच्या गावातील पक्की इमारत गाठावी. शाळा, ग्रामपंचायत, एसटीचे सिमेंटचे बसस्थानक, काँक्रीटच्या स्लॅबचे हॉटेल, काहीही चालेल. टिनाचे ढाबे त्यात बसत नाहीत, हे पारसने दाखवून दिले आहे. तेवढा वेळ नसेल तर वाहन रस्त्याच्या पूर्ण बाहेर, झाड, विजेच्या तारा आणि फलक यांपासून दूर मोकळ्या जागी उभे करावे. दूर म्हणजे किती? झाडाच्या किंवा खांबाच्या उंचीपेक्षा अधिक, असा साधा हिशेब. वऱ्हाडातील जुन्या रस्त्यांकडेचे कडुनिंब आणि बाभळी उन्हात देवासारख्या. वादळात मात्र त्यांच्यापासून चार हात दूर राहावे.

धुळीने समोरचे दिसेनासे झाले असता चारही इंडिकेटर लावून गाडी रेटत राहण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्यामुळे गाडी वळते आहे, थांबली आहे की चालते आहे, हेच मागच्याला उमगत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना या वाळवंटी राज्यात तर रस्त्याबाहेर उभ्या केलेल्या गाडीचे सर्व दिवे विझवून ब्रेकवरचा पाय काढण्यास सांगतात. नाही तर मागचा चालक त्या दिव्यांनाच रस्ता समजून थेट येऊन धडकतो. चालत्या गाडीत वेग कमी करावा, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवावेत, ब्रेक एकदम दाबू नये. उंच ट्रकला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर पडताक्षणी वाऱ्याचा धक्का बसतो. खोदलेल्या डोंगरातून उघड्या भरावावर येतानाही तसेच होते.

गारा पडू लागल्यास थांबलेल्या गाडीचे तोंड शक्यतो वाऱ्याकडे करावे. समोरची काच दोन थरांची, मध्ये पारदर्शक पापुद्रा असलेली असते. ती तडकली तरी सहसा अंगावर सांडत नाही. बाजूच्या काचा मात्र फुटून विखुरतात.

विजेबाबत मोटार चांगली साथ देते. पण ती रबरी टायरमुळे नव्हे, तर धातूच्या बंद सांगाड्यामुळे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. काचा बंद ठेवाव्यात, धातूला आणि चार्जिंगला लावलेल्या मोबाइलला हात लावू नये. दुचाकी, ऑटोरिक्षा आणि ट्रॅक्टर यांना हे संरक्षण नाही, आणि केनवडसारख्या गावांच्या रस्त्यांवर गर्दी असते ती त्यांचीच. शेतमजुरांना घेऊन परतणारी ट्रॅक्टरची ट्रॉली ही वादळात सर्वांत असुरक्षित जागांपैकी एक म्हणावी लागेल. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. दुचाकीस्वाराने तेव्हाच पक्क्या घराचा रस्ता धरावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

समजा, ढगातून सोंड उतरलेली खरोखरच दिसली. दूरच्या झाडाच्या किंवा मनोऱ्याच्या तुलनेत ती बाजूला सरकत असेल, तर तिच्या मार्गाशी काटकोन करून दूर जाता येते. ती जागची हलत नाही पण मोठी होत चालली आहे असे वाटले, तर ती थेट आपल्याकडेच येत आहे. इमारत गाठणे अशक्य असेल आणि कचरा-पत्रे उडू लागले असतील, तर गाडी थांबवून सीटबेल्ट तसाच ठेवावा, डोके काचेच्या पातळीखाली वाकवून हात, चादर किंवा बॅगेने झाकावे. शेजारी रस्त्यापेक्षा बरीच खोलगट जागा असेल तर गाडी सोडून तेथे पालथे पडून डोके झाकणे हा दुसरा पर्याय. मात्र वळवात आपल्याकडचे नाले क्षणात भरतात, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याची तीच गोष्ट रपट्यांवर. साधारण एक फूट वाहते पाणी अनेक मोटारींना तरंगवते आणि दोन फूट पाणी बहुतेक सर्व वाहनांना वाहून नेऊ शकते. समोरची एसटी गेली म्हणून मागोमाग मोटार घालू नये. एसटीचे वजन मोटारीच्या कित्येक पट असते.

वादळ ओसरल्यावर आडव्या पडलेल्या तारांना मृत समजू नये. तार गाडीवरच पडली असेल तर आत बसून राहावे, लोकांना लांब राहण्यास सांगावे आणि महावितरणच्या १९१२ किंवा आपत्कालीन ११२ या क्रमांकावर कळवावे. गाडीने पेट घेतला तरच, धातू आणि जमीन एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय घासत, छोटी पावले टाकत दूर जावे. झाड किंवा गारांमुळे झालेले गाडीचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात भरून मिळते, केवळ तृतीय पक्ष विम्यात मिळत नाही. त्यासाठी झाड हलवण्यापूर्वीच छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवलेले बरे. पाण्यात बंद पडलेले इंजिन मात्र पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून झालेली हानी स्वतंत्र जोड-संरक्षण घेतलेले नसेल, तर विमा कंपन्या सहसा मान्य करीत नाहीत.