महर्षी शिंदे आणि माझी नोकरी

मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत वर्गातल्या एकाने विचारले, "तू एवढी वर्षं नोकरी केलीस, पण नेमकं करत काय होतीस?" प्रश्न रास्त होता. माझ्या कार्डावर 'विविधता व समावेशन प्रमुख' असे छापलेले असे. स्वयंसेवी संस्थांमध्ये भरती, बढती आणि निर्णय यांतून कोण वगळले जाते ते शोधायचे आणि बदलायचे, हे माझे काम. त्याचे नाव नवे असले, तरी काम जुने आहे. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी केले. त्यांची हकीकत सांगितली की माझे काम आपोआप कळेल.

शिंदे यांचा जन्म 1873 साली जमखंडीचा. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते 1901 मध्ये ऑक्सफर्डला गेले आणि तेथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून 1903 मध्ये परतले. पुढे ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळला तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी शाळा निघाली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे काम सुरू झाले. अध्यक्ष न्यायमूर्ती नारायण चंदावरकर, तर सरचिटणीस शिंदे. बहीण जनाबाईही या कामात उतरल्या. मिशनने शाळा आणि वसतिगृहे काढली, पुण्यातही काम वाढले. 1917 च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने अस्पृश्यताविरोधी ठराव केला, त्यामागे शिंदे यांचे प्रयत्न होते. 1918 मध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली.

इथवरचा इतिहास गौरवाचा. मला अधिक शिकवले ते त्यापुढच्या भागाने.

विधिमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडायचे, हा प्रश्न आला. ते कौन्सिलच्या निर्वाचित सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची भूमिका होती. 1920 मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, तेथे तरुण बाबासाहेब आंबेडकरांनी या भूमिकेवर कडक टीका केली. आमचे प्रतिनिधी दुसऱ्यांनी का निवडावेत, हा त्या टीकेचा गाभा होता. पुढे मिशनच्या कारभारावरूनही मतभेद वाढले आणि 1923 मध्ये शिंदे मिशनमधून बाहेर पडले. ज्या कामासाठी आयुष्य वाहिले, तेथेच अविश्वास वाट्याला येणे किती जड गेले असेल! तरी त्यांनी विषय सोडला नाही. 1933 मध्ये त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ आला. 1944 मध्ये ते गेले.

शिंदे यांची तळमळ खरी होती, आणि नागपूरचा आक्षेपही खराच होता. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मला फार उशिरा कळले.

मी एका संस्थेत समावेशनाचे धोरण लिहीत होते. मसुदा वाचून दाखवल्यावर वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, हे सगळं आमच्याबद्दल आहे. पण लिहायला आमच्यातलं कोण होतं?" मला राग आला. घरी आल्यावर लाज वाटली. मसुदा बाजूला ठेवून आम्ही पुन्हा सुरुवात केली. पुढे विश्वस्त मंडळावर वस्तीतल्या दोघी आल्या. त्यांनी माझ्या काही लाडक्या योजना रद्द केल्या. वाईट वाटले, पण माझे काम त्या दिवशी खऱ्या अर्थाने मार्गी लागले होते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गात सवलतीची यादी घेऊन शिपाई यायचा, आठवते? नावे वाचली जायची आणि ती मुले उभी राहायची. आम्ही बसलेले त्यांच्याकडे वळून बघायचो. त्यात काही चुकते आहे, असे मला तेव्हा वाटलेही नाही. उभे राहिलेल्यांना काय वाटत होते, हे मी कधीच विचारले नाही.

गुरुजनहो, इतिहास तुम्ही शिकवला, त्यातला हा एक धडा माझ्याकडून राहून गेला होता. या मेळाव्यात भाषणे कमी करून त्या मित्रांच्या शेजारी बसायचे ठरवले आहे. ते सांगतील तर ऐकायचे आहे. आणि पुढच्या स्मरणिकेचे संपादन त्यांच्यापैकी कोणी करणार असेल, तर माझा लेख कापायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे.