कंदिलाची भूमिती

सणासाठी घरी काही करावे आणि ते करताना मुलांनी मोठ्यांच्या हाताखाली राबावे, ही रीत जगभर दिसते. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील, गोव्यात आणि वसईकडे नाताळचे नक्षत्र, जर्मनीत ॲडव्हेंटचा तारा. या वस्तू कोणी आणि कधी शोधल्या, हे बहुधा सांगता येत नाही. परंपरा आपल्या जन्माची नोंद ठेवत नाही. मात्र यांतील एका वस्तूचा इतिहास बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि शिक्षकांना तो विशेष वाटावा असा आहे. कारण ती वस्तू जन्मली शाळेत, आणि सांगितले जाते त्याप्रमाणे, भूमितीच्या तासाला.

नीस्की येथील शाळा

जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड व चेक सीमेजवळ, हेर्नहूट नावाचे छोटे गाव आहे. धर्मछळामुळे मोराव्हिया प्रांतातून पळालेल्या काही कुटुंबांनी १७२२ मध्ये काउंट झिन्झेन्डॉर्फ यांच्या जमिनीवर ते वसवले. हे लोक स्वतःला जुन्या ‘बंधुसंघा’चे वारस मानत. याच संघाचे एक बिशप म्हणजे जॉन कोमेनिअस (१५९२–१६७०). शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे नाव आपण सर्वांनीच वाचलेले असते. मुलांसाठी चित्रांतून शिकवणारे त्यांचे पुस्तक १६५८ मध्ये निघाले. ज्ञान आधी इंद्रियांपुढे यावे आणि मग शब्दांत, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते.

या मोराव्हियन पंथाने संख्येच्या मानाने फार मोठ्या प्रमाणावर मिशनरी बाहेर पाठवले. १७३२ मध्ये वेस्ट इंडीज, १७३३ मध्ये ग्रीनलंड, पुढे लाब्रादोर. आपल्या हिमालयातही ते आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाहौलमधील केलाँग आणि १८८५ मध्ये लडाखमधील लेह येथे त्यांनी ठाणी केली. मिशनऱ्यांच्या मुलांना मात्र शिक्षणासाठी मायदेशी परत धाडले जाई. हेर्नहूटजवळच्या नीस्की गावातील वसतिगृहात अशी मुले वर्षानुवर्षे आईवडिलांवाचून राहत.

याच नीस्कीच्या शाळेत ताऱ्याचा उगम झाला. कागद मोजून, आखून, कापून त्याचे पिरॅमिड करायचे आणि ते एकत्र जोडून सर्व बाजूंनी टोके असलेला तारा उभा करायचा, हा घनभूमिती शिकवण्याचा एक मार्ग होता. १८२१ मध्ये शाळेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ११० टोकांचा एक प्रकाशमान तारा शाळेच्या अंगणात टांगला होता. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या काळाला ॲडव्हेंट म्हणतात. त्याच्या पहिल्या रविवारी वसतिगृहातील मुले तारा जोडू लागली. पुढे ही मुले मोठी झाली, त्यांची स्वतःची घरे झाली, आणि त्या घरांत पहिल्या ॲडव्हेंटला तारा जोडण्याची चाल पडली. घरापासून तुटलेल्या मुलांनी शाळेत केलेली वस्तू पुढे घराघरांचा सण बनली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेरबेक या पुस्तकविक्रेत्याने ताऱ्याचे सुटे भाग विकण्यास सुरुवात केली आणि त्यातून हेर्नहूटचा कारखाना उभा राहिला. आजही हा तारा बहुधा सुट्या टोकांच्या रूपात मिळतो. घरी बसून तो जोडावा लागतो, आणि जोडणे हाच सणाचा भाग मानला जातो.

सव्वीस पृष्ठांची आकृती

या ताऱ्याच्या पोटात कोणती घनाकृती दडली आहे? एक घन डोळ्यांपुढे आणा. त्याची सहाही चौरस पृष्ठे एकमेकांपासून सुटी करून सारख्या अंतराने बाहेर सरकवा. घनाला १२ कडा असतात. प्रत्येक कडेच्या जागी आता एक फट पडेल. अंतर नेमके राखले तर या १२ फटींत १२ चौरस बसतात. घनाच्या ८ कोपऱ्यांपाशी ८ समभुज त्रिकोणी भोके उरतात. म्हणजे एकूण पृष्ठे ६ + १२ + ८ = २६; त्यांपैकी १८ चौरस व ८ त्रिकोण. शिरोबिंदू २४ आणि कडा ४८. ऑयलरचे सूत्र पडताळून पाहा: २४ − ४८ + २६ = २. बरोबर.

प्रत्येक पृष्ठावर एक पिरॅमिड बसवला की तारा तयार होतो. टांगण्यासाठी व दिव्यासाठी एक चौरस मोकळा ठेवतात. म्हणून ताऱ्याला २५ टोके असतात: १७ चौकोनी तळाची आणि ८ त्रिकोणी तळाची.

ही आकृती नीस्कीत शोधली गेली नाही. सर्व पृष्ठे नियमित, पण एकाहून अधिक प्रकारची, आणि सर्व शिरोबिंदू सारखे, अशा १३ घनाकृती आर्किमिडीजने शोधल्या होत्या, असे पॅपसने लिहून ठेवले आहे. आर्किमिडीजचा मूळ ग्रंथ हरवला. युरोपातील चित्रकारांनी व गणितज्ञांनी या आकृती पुन्हा एकेक करून शोधल्या आणि १६१९ मध्ये केप्लरने त्या सर्वांची पद्धतशीर मांडणी केली. १४९५ साल घातलेल्या एका प्रसिद्ध इटालियन चित्रात गणितज्ञ लुका पाचिओली शिकवताना दाखवला आहे. त्याच्या शेजारी आपली २६ पृष्ठांची आकृती काचेची करून, पाण्याने अर्धी भरून, दोऱ्याने टांगलेली आहे. पाहताक्षणी कंदीलच वाटावा!

पाचिओलीचा ग्रंथ १५०९ मध्ये छापला गेला. त्यातील घनाकृतींची चित्रे लिओनार्दो द विंचीची. त्यांत २६ पृष्ठांवर पिरॅमिड बसवलेली आकृतीही आहे. म्हणजे नीस्कीच्या मुलांनी केलेला तारा लिओनार्दोने तीनशे वर्षे आधी कागदावर रेखला होता. गंमत अशी की त्या चित्रात एक चूक आहे. तळाशी त्रिकोणी पिरॅमिड हवा, तिथे चौकोनी काढला गेला आहे. ही चूक २०११ मध्ये रिनूस रूलोफ्स या डच शिल्पकाराच्या लक्षात आली. कागदावर पिरॅमिडाला एक बाजू जास्त काढली तर रेषा तक्रार करत नाहीत. पण पुठ्ठ्याचा चौकोनी पिरॅमिड त्रिकोणी भोकावर बसवू गेलो तर तो बसतच नाही. वस्तू हाताने करण्याचा हा मोठा लाभ होय. वस्तू स्वतःच परीक्षक असते, आणि ती लिओनार्दोलाही गुण वाढवून देत नाही.

आपला कंदील

आता आपल्या आकाशकंदिलाकडे वळू. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावण्याची चाल जुनी आहे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि पिठाची खळ यांनी केलेला कंदील हे तिचे आपल्या परिचयाचे रूप. याचे आकार अनेक आहेत. त्यांपैकी एक साधी रीत पाहू. सारख्या लांबीच्या २४ कामट्या घेऊन त्यांचे ६ चौरस बांधायचे. चार चौरस कोपऱ्यावर उभे करून शेजारच्या कोपऱ्यांशी जोडत त्यांचे कडे करायचे. वर एक चौरस, खाली एक चौरस. चौरसांच्या मधे आपोआप ८ समभुज त्रिकोण तयार होतात.

ही आकृतीदेखील आर्किमिडीजच्या तेरांपैकीच एक आहे. घनाच्या प्रत्येक कडेचा मध्य घेऊन आठही कोपरे छाटले की हीच मिळते. पृष्ठे १४, शिरोबिंदू १२, कडा २४; आणि १२ − २४ + १४ = २. म्हणजे नीस्कीचा तारा व आपला कंदील हे एकाच कुळातले.

ज्यांनी असा सांगाडा बांधला आहे, त्यांना एक अनुभव आला असेल. कितीही घट्ट गाठी मारल्या तरी तो डुगडुगतो, तिरपा होतो, पिळला जातो. आणि कागद चिकटवून खळ वाळली की ताठ उभा राहतो. इतका पातळ कागद बांबूला आधार कसा देतो?

याचे उत्तर मोजणीत आहे. १८६४ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने सांगाड्यांच्या ताठपणाचा एक नियम मांडला. अवकाशातील एका बिंदूची जागा सांगण्यास तीन संख्या लागतात. १२ सांध्यांना ३६. सबंध कंदील न मोडता सरकवता व फिरवता येतो, त्याच्या ६ वजा करू. उरल्या ३०. प्रत्येक काडी दोन सांध्यांमधील अंतर पक्के करते, म्हणजे एक बंधन घालते. सांगाडा ताठ व्हायचा तर निदान ३० बंधने हवीत. आपल्याकडे काड्या २४. तूट नेमकी सहाची.

चौरसही सहाच आहेत. त्रिकोण तीन काड्यांनी पक्का होतो. चौकोन मात्र दाबला की समभुज चौकोन होऊन लवंडतो. प्रत्येक चौरसाला कर्णाची एकेक काडी दिली की ३० बंधने पुरी होतात. ही कर्णाची काडी आपण सहसा देत नाही. तिचे काम कागद करतो. कागद दाब सोसत नाही, लगेच सुरकुततो. पण ताण चांगला सोसतो. चौरस कोणत्याही बाजूला कलू लागला तरी त्याचा एक कर्ण लांबू पाहतो, आणि त्या दिशेने कागद ताणला जाऊन त्याला अडवतो. आता वरचा व खालचा चौरस दिव्यासाठी उघडे ठेवले, तर २४ + ४ = २८, दोन बंधने कमी पडतात. तिथे टांगण्यासाठी आणि दिवा बसवण्यासाठी आडव्या काड्या बांधाव्या लागतात. त्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधल्या, तर हिशेब पुरा होतो.

नाताळच्या पाच टोकी नक्षत्रातही असाच विचार आहे. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या करून त्यांची टोके एकमेकांना बांधतात आणि मधल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांशी छोट्या काड्यांच्या खुंट्या देऊन त्या फुगवतात. कामट्या वाकतात, त्यांच्यात ताण येतो, आणि त्या ताणानेच खुंट्या जागच्या जागी आवळून राहतात.

करून पाहण्याजोगे

हा सारा खेळ वर्गात करता येतो. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण उपक्रमाची सुरुवात १९७२ मध्ये झाली. त्याच्याशी जोडले गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून घनाकृती करण्याची पद्धत अनेक शाळांत पोचवली. ट्यूबचे दोन तुकडे काट्याने एकमेकांत ओवले की चार काड्यांचा लवचीक सांधा होतो. असे १२ सांधे व २४ काड्या घेऊन कंदिलाचा सांगाडा बांधावा. तो एका त्रिकोणावर उभा करून वरच्या त्रिकोणावर हलकेच दाब द्यावा. सांगाडा पिळत खाली येतो. चौरस अरुंद होत जातात, आणि एका क्षणी प्रत्येक चौरसाचा लहान कर्ण काडीइतका होतो. तिथेच थांबून सहा जादा काड्या बसवल्या, तर २० समभुज त्रिकोणांची नियमित आकृती मिळते. तिच्या कडा मोजा. बरोबर ३०. या स्थितीत ट्यूबचे सांधे आणखी काड्या सहज घेत नाहीत, तेव्हा त्या दोऱ्याने बांधाव्यात. न थांबता दाबत गेलो, तर काड्या जोडीजोडीने चिकटून अष्टफलक होतो. बकमिन्स्टर फुलर यांनी १९४८ च्या सुमारास या हालचालीकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले.

कागदाच्या बाजूनेही वाट आहे, आणि ती आपल्याच देशातली. फ्रोबेलने १८३७ मध्ये बालशाळा सुरू केली आणि कागदाच्या घड्या मुलांच्या उद्योगांत आणल्या. त्यावरून सूत्र घेऊन टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. थोर जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याचा आवर्जून उल्लेख केला आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली.

या इतिहासातून आपण काय घ्यावे? जर्मनीत शाळेची भूमिती घरी गेली आणि सण झाली. आपल्याकडे सणाची भूमिती घरात आहे, पण शाळेच्या दारातून ती आत आलेली नाही. दिवाळीची सुटी लागते, मुले कामट्या तासतात आणि सुटी संपल्यावर फळ्यावर ‘घनाकृतीचे शिरोबिंदू, कडा व पृष्ठे’ हा पाठ कोऱ्या मनाने घेतला जातो, जणू वर्गातल्या कोणीच कधी शिरोबिंदू दोऱ्याने बांधलेला नाही. दरम्यान घडीचे, प्लॅस्टिकचे तयार कंदील बाजारात आले आहेत. ते स्वस्त आहेत, पावसात टिकतात, आणि ते घेणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण कामट्या बांधणारा हात घरात उरला नाही, तर सांगाडा का डुगडुगतो हा प्रश्न मुलांना पडणारच नाही. आणि जो प्रश्न पडलाच नाही, त्याचे उत्तर कितीही चांगले शिकवले तरी ते परक्याचेच राहते.

म्हणून शिक्षकांना आमचे एवढेच सुचवणे आहे. सुटीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात एक सांगाडा बांधावा आणि कागद न लावता तसाच टांगून ठेवावा. तो का लवंडतो, किती काड्या कमी आहेत, हे मुलांना मोजू द्यावे. ज्या मुलांच्या घरी आजोबा वा आजी अजून कंदील बांधतात, त्यांनी ती रीत विचारून यावी. कागद चिकटवण्याचे काम मात्र घरी, सर्वांनी मिळून करावे.