दातवण, मिसरी आणि ब्रश : जालना परिसरातील बालदंतसंगोपनाचा शब्देतिहास

सकाळी उठल्यावर मुलाने दात घासावेत ही शिकवण घरोघरी इतकी रुळलेली आहे की, तिलाही काही इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. राजवटींच्या नोंदी दप्तरांत राहतात. आजीने नातवाला चूळ भरावयास कधी व कशी शिकविली, याची नोंद कोठेच होत नाही. अशा वेळी शब्द हेच साधन उरते. घरातील सवयी बदलतात, लोप पावतात. त्यांचे ठसे मात्र बोलण्यात दीर्घकाळ टिकून राहतात. जालना जिल्ह्याच्या परिसरात प्रचलित असलेल्या दंतविषयक शब्दांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

यांतील सर्वांत जुना शब्द ‘दातवण’ हा होय. संस्कृत ‘दन्तपवन’ म्हणजे दात शुद्ध करणारे साधन. त्याचे प्राकृत रूप ‘दंतवण’, आणि त्यावरून मराठीत ‘दातवण’ व हिंदीत ‘दतवन’, ‘दातुन’ ही रूपे आली. मुळात हे साधन म्हणजे झाडाची काडी. सुश्रुताने तिची लांबी बारा अंगुळे सांगितली आहे. चरकाने तुरट, तिखट व कडू रसाची काडी टोकाशी चावून मऊ करून वापरावी असे म्हटले, तर हिरड्यांना इजा होऊ नये अशी दक्षता वाग्भटाने घेतली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग यानेही बौद्ध विहारांतील दंतकाष्ठाच्या नित्यविधीचे वर्णन केले आहे. मराठवाड्याच्या कोरड्या मुलखात निंब व बाभूळ ही झाडे बांधावर सहज आढळतात. त्यामुळे येथे ही काडी विकत घ्यावी लागत नसे. पुढे मराठीत ‘दातवण’ या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि दातांना लावावयाच्या पुडीलाही तो लागू झाला. साधन बदलले, नाव तेच राहिले. हा अर्थविस्तार वरवर निरुपद्रवी वाटतो. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म 1608 मधला. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांत, ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र व पाय सदैव मळलेले असतात त्याचीही गणना आहे. येथे दातांची स्वच्छता धर्मविधीचे अंग म्हणून येत नाही, शहाणपणाचे लक्षण म्हणून येते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा उपदेशामुळे स्वच्छतेची जाणीव ग्रंथांतून लोकांच्या तोंडी उतरली.

तथापि ग्रंथांतील एक महत्त्वाची सूचना घरांत पोहोचताना गळून पडली. चरकाने दंतधावनाच्या दोन वेळा सांगितल्या आहेत. वाग्भट तर सकाळी व भोजनोत्तर असे स्पष्टच म्हणतो. मराठी घरात मात्र ‘तोंड धुणे’ हा शब्दप्रयोग सकाळशी जखडला गेला. ‘उठ, तोंड धू’ हे वाक्य प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. झोपण्यापूर्वीच्या दंतधावनासाठी तितके रुळलेले वाक्य मराठीत नाही. ज्या कृतीला नित्याचे वाक्य नाही, ती कृती मुलाच्या अंगवळणी पडणे कठीण असते. झोपेत लाळ कमी सुटते, आणि दातांत अडकलेले अन्न व साखर यांवर जंतू रात्रभर आम्ल तयार करीत राहतात. म्हणून रात्रीची वेळ हीच खरी निकडीची आहे.

‘दात किडणे’ या क्रियापदातही एक जुनी उपपत्ती दडलेली आहे. दातात अळी शिरते ही कल्पना प्राचीन बॅबिलोनियातही होती; सुश्रुताने या रोगास ‘कृमिदन्तक’ म्हटले. 1728 मध्ये फ्रेंच दंतवैद्य पियेर फोशार याने ही कल्पना नाकारली, आणि 1890 मध्ये विलोबी मिलर याने जंतूंनी निर्माण केलेल्या आम्लाने दात झिजतो असे मांडले. शब्द मात्र कीड धरून बसला. अळी बाहेरून येते असे मानले की दोष नशिबाचा ठरतो. आम्ल घरच्या खाण्यातून होते हे कळले की उपायही घरातच सापडतो. ‘दुधाचे दात’ या नावानेही अशीच उपेक्षा पोसली. ते पडणारच, मग जपावेत कशाला, असा युक्तिवाद आजही ऐकू येतो. वस्तुतः हे वीस दात मागून येणाऱ्या कायम दातांची जागा राखून ठेवतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे येणारी पहिली कायम दाढ अनेक आईबाप दुधाचीच समजतात.

सर्वांत गंभीर प्रकरण ‘मिसरी’चे आहे. 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूतील ‘मिस्सी’ म्हणजे स्त्रियांनी दात काळे करण्यासाठी लावावयाची पूड. ‘मिस्’ या फारसी शब्दाचा अर्थ तांबे. ‘मिस्सी’ व ‘मिसरी’ यांचे ध्वनिसाम्य उघड आहे, परंतु केवळ ध्वनिसाम्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. व्यवहारातील स्थान मात्र एकच: दातांना लावावयाची काळी पूड. महाराष्ट्रात मशेरी किंवा मिसरी म्हणून जी वापरली जाते ती तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू होय. हिरड्यांवाटे तिच्यातील निकोटिन रक्तात जाते, दिवसातून अनेकदा ती लावावीशी वाटते, आणि धूरविरहित तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. तरीही भाषा तिला व्यसन म्हणत नाही. विडी ‘ओढतात’, तंबाखू ‘खातात’, पण मिसरी दातवणाप्रमाणेच ‘लावतात’. या एका क्रियापदाच्या आडोशाने तंबाखू दंतसंगोपनाच्या घरात शिरली. आजीच्या मांडीवर बसलेले मूल तिचे बोट हिरडीवर फिरताना पाहते, आणि त्याच्या लेखी तेच दात घासणे ठरते. केंद्र शासनाने 1992 मध्ये तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पुडीपर्यंत असा कायदा पोहोचू शकत नाही.

नायलॉनच्या केसांचा ब्रश 1938 मध्ये अमेरिकेत प्रथम विक्रीस आला. ‘ब्रश करणे’ हा प्रयोग आज खेड्यांतही रुळला आहे. त्याच्यासह नवी माहितीही घरात यावयास हवी. पहिला दात दिसताच तो पुसावा-घासावा; तीन वर्षांखालील मुलास फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते; आणि सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताबरोबर मोठ्यांचा हात असावा. घनसावंगी, अंबड, मंठा या भागांतील जी कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी गाव सोडतात, त्यांच्या मुलांच्या हाती ऊस सदैव असतो. तेथे झोपण्यापूर्वीच्या ब्रशाची गरज अधिकच आहे.

‘जालना सोने का पालना’ अशी या नगरीची जुनी ख्याती आहे. पाळण्यातील मूल सवयी शिकते ते पाहून, आणि त्या सवयींना नावे देते ती ऐकून. मिसरीला ‘लावणे’ न म्हणता तंबाखूचे व्यसन म्हणणे, आणि ‘उठ, तोंड धू’ याच्या जोडीला ‘दात घासून झोप’ हे वाक्य रोज उच्चारणे, या दोन भाषिक दुरुस्त्या लहान आहेत. त्या कोणत्याही घरात विनाखर्च होऊ शकतात, आणि जालन्याच्या येत्या पिढीच्या मुखाचे आरोग्य बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून आहे.