परीक्षक हात

वैद्यकाचा इतिहास लिहितांना शस्त्रवैद्याच्या सुरीला आणि औषधाच्या बाटलीला मान मिळतो. परंतु रोग्याचा दंड उचलून धरणाऱ्या, त्याचा सांधा वळवून पाहणाऱ्या आणि कोणता स्नायु जागा आहे व कोणता निजला आहे हें चाचपून सांगणाऱ्या हाताची दखल क्वचितच घेतली जाते. फिजिओथेरपिस्टांची व केवळ हातावरच उपचार करणाऱ्या हस्तोपचारकांची सारी विद्या ह्या चाचपणीवर उभी आहे. पदवीचा कागद हातीं पडला म्हणजे ही विद्या पुरी झाली असें मानावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर तिच्या इतिहासांतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

ह्या व्यवसायाचा उगमच मुळीं विश्वासाच्या प्रश्नांतून झाला. लंडन शहरांत मर्दनाच्या नांवाखालीं चालणाऱ्या अनाचाराचा बोभाटा झाला, तेव्हां १८९४ सालीं चार परिचारिकांनीं एकत्र येऊन सुशिक्षित मर्दनकर्त्रींची एक संस्था स्थापिली आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्रें देण्यास आरंभ केला. प्रमाणपत्रानें अब्रू राखली. पण दुबळा स्नायु नेमका किती दुबळा, हें मोजण्याचें माप त्यानें दिलें नाहीं.

तें माप पोलिओनें शिकविलें. बोस्टनचे अस्थिवैद्य रॉबर्ट लव्हेट यांच्या साहाय्यक विल्हेल्माइन राइट यांनीं १९१२ सालच्या आपल्या लेखांत पृथ्वीच्या आकर्षणालाच तराजू केलें: आपल्याच अवयवाचा भार स्नायूला उचलवतो कीं नाहीं, हें पाहावें. १९१४ सालीं व्हरमाँट राज्यांत पोलिओची सांथ आली, तेव्हां ही परीक्षा तेथील मुलांच्या कामीं आली. पुढें महायुद्धांत मज्जातंतु दुखावलेल्या सैनिकांसाठीं ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें १९४३ सालीं शून्यापासून पांचापर्यंत पायऱ्या प्रसिद्ध केल्या. स्नायु मुळींच हालत नसेल तर शून्य. नुसती फुरफुर दिसली तर एक. भार काढून घेतल्यावर हालला तर दोन. भाराविरुद्ध उचलला गेला तर तीन. परीक्षकाचा विरोधही कांहींसा सोसला तर चार. आणि निरोगी असेल तर पांच. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील जेम्स सिरिॲक्स यांनीं ह्याच सुमारास दुखण्याचें मूळ शोधण्याची निराळी रीत बसविली. रोग्यानें आपण होऊन केलेली हालचाल, परीक्षकानें करविलेली हालचाल आणि जागच्याजागीं अडवून धरलेला जोर, ह्या तिहींची तुलना करून दुखणें स्नायूंत आहे कीं सांध्याच्या वेष्टनांत, हें ते ओळखीत. त्यांचा ग्रंथ १९४७ सालीं निघाला. ही रीत त्यांनीं फिजिओथेरपिस्टांस आवर्जून शिकविली. म्हणजे ज्यांच्या परीक्षा कधींच आटोपल्या होत्या, त्यांस पुन्हां शिष्य व्हावें लागलें.

परंतु ह्या पुन्हां शिकण्याचें खरें मोल जगास दिसलें तें आपल्याच देशांत, तामिळनाडूंतील वेल्लोर येथें. डॉ. पॉल ब्रँड तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत १९४६ सालीं रुजू झाले. पुढच्याच वर्षीं चिंगलपेटच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानांत त्यांनीं एका रोग्याच्या आंखडलेल्या पंजांत आपला हात दिला आणि त्यास तो दाबावयास सांगितलें. ज्या हातास जगानें मेलेला ठरविलें होतें, त्या हातानें ब्रँड यांचा हात दुखेपर्यंत आवळला. बोटें वांकडीं होतीं, पण त्यांमागचा जोर जिवंत होता. ही कांहीं यंत्रानें केलेली तपासणी नव्हती. हातानें हाताची घेतलेली परीक्षा होती.

त्यानंतर स्नायूमागून स्नायु तपासून नोंदी झाल्या आणि त्यांतून एक क्रम उघड झाला. कोपराजवळ व मनगटाच्या वर, जेथें मज्जातंतु त्वचेच्या निकट असतात, तेथें ह्या रोगाचा घाव बसतो; त्यामुळें तळव्यांतले लहान स्नायु लुळे पडतात, परंतु पुढल्या हातावरचे मोठे स्नायु बहुधा शाबूत राहतात. मग शाबूत स्नायूचा कंडरा वळवून लुळ्या बोटास कां जोडूं नये? ह्या विचारांतून वेल्लोरची हस्तशल्यविद्या वाढली.

येथें उपचारकाच्या बोटांवर केवढा भार येतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. जागा बदललेला स्नायु आपल्या जोराची साधारण एक पायरी गमावतो. तेव्हां तीन पायरीच्या स्नायूस चार पायरीचा म्हणून शल्यवैद्याच्या हवालीं केलें, तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही बोट लुळेंच राहावयाचें. शिवाय लुळ्या स्नायूच्या मदतीस शेजारचे स्नायु धांवून येतात आणि हालचालीचा खोटा देखावा उभा करतात. तो देखावा ओळखण्यास डोळा पुरत नाहीं, कंडऱ्यावर बोट ठेवावें लागतें. शस्त्रक्रियेनंतर जुन्या स्नायूस नवें काम शिकवावयाचें, तेंही उपचारकानेंच. आणि इतकें साधल्यावरही बधिर हात चुलीवर भाजे व हत्यारानें सोलवटे, कारण वेदना नांवाचा पहारेकरीच तेथें नसे. बोटें रोगानें सडून झडतात हा शतकांचा समज. पण तीं झिजतात तीं बव्हंशीं नकळत झालेल्या जखमांनीं व त्या चिघळल्यानें. म्हणून त्वचेवरची ऊब आपल्या हातानें पाहून दाह आधींच हेरण्याचा नवा धडा उपचारकांस गिरवावा लागला. पुढें वेल्लोरजवळच्या करिगिरी येथें अशा शिक्षणाचें केंद्रच झालें.

आमच्या मुंबईंतही ह्या विद्येचा पाया ह्याच काळांत घातला गेला. जन्मानें अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनीं प्रौढ वयांत व्यवसायोपचाराचें शिक्षण घेतलें आणि १९५० सालीं के. ई. एम. रुग्णालयांत त्याची शाळा काढली. पोलिओच्या सांथीनंतर १९५३ सालीं तेथेंच फिजिओथेरपीची शाळा निघाली. वयाच्या पन्नाशीस पोंचलेल्या बाई आधीं विद्यार्थिनी आणि मग गुरु झाल्या, हें येथें विसरतां येत नाहीं.

अमेरिकेंत १९७७ सालीं हस्तोपचारकांची स्वतंत्र संस्था निघाली आणि १९९१ पासून त्यांची प्रमाणपत्र-परीक्षा सुरू झाली. तें प्रमाणपत्र पांच वर्षांनीं नवें करून घ्यावें लागतें. हा दंडक योग्यच आहे. परंतु अशा शिक्षणाचा हिशेब सर्वत्र तासांनीं होऊं लागला आहे, त्याविषयीं आमची एक शंका आहे. घड्याळ हजेरी मोजतें. बोटें मोजीत नाहीं. वरच्या पायऱ्यांतली चौथी पायरी इतकी रुंद आहे कीं दोन अनुभवी उपचारकांचेंही तीवर एकमत होईलच असें नाहीं. तेव्हां एकाच रोग्याचा हात दोघांनीं निरनिराळा तपासावा, आपापले आंकडे लिहावे आणि मग ते शेजारीं ठेवून कोण कां चुकला ह्याची चर्चा करावी. अशी एक घटका व्याख्यानाच्या दहा तासांहून अधिक शिकवील, असें आमचें मत आहे.

चिंगलपेटच्या त्या रोग्याचा हात त्यापूर्वीं अनेकांनीं पाहिला असेल. त्यांपैकीं कित्येकांपाशीं पदव्याही असतील. त्यांस जें दिसलें नाहीं, तें ज्यानें आपला हात पुढें केला त्यास कळलें. ह्या विद्येंत उपचारक रोग्याची परीक्षा घेतो हें अर्धेंच सत्य आहे. रोगीही दर वेळीं त्याची परीक्षा घेत असतो, आणि त्या परीक्षेचें प्रमाणपत्र कायमचें कधींच मिळत नाहीं.