ज्येष्ठ गायक आणि थांबलेल्या तबकड्या

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. कौले उडाली, वाड्यांतली रोठा सुपारीची झाडे रांगेने आडवी झाली. त्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे लक्ष जायला आठ-दहा दिवस गेले. मुंबईला नोकरी करणाऱ्या काकांनी दर सुट्टीत आणलेल्या ध्वनिमुद्रिका तीत होत्या. वेष्टनांचा लगदा झाला होता आणि काही तबकड्यांच्या मध्यावरचे गोल कागद सुटून आले होते. लाखेच्या तबकड्या पुसून पडवीत वाळवल्या, बऱ्याचशा वाजल्याही. गेली ती नावे.

वाळवताना गायकांप्रमाणे ढीग लावत गेलो, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. भावगीत गायकांच्या तबकड्या त्यांच्या उमेदीच्या वर्षांतल्या भरपूर, उतारवयातल्या जवळजवळ नाहीत. काकांची आवड बदलली म्हणावे, तर पुढच्या काळातल्या कॅसेटी होत्याच. पण त्यांवरही तीच जुनी गाणी. मग इतर संग्राहकांचे संग्रह पाहिले. तिथेही हेच.

वयाबरोबर गळा उतरतो आणि रसिकांची आवड बदलते, हे नेहमीचे उत्तर. मला ते पटत नाही. अरुण दाते यांचे 'शुक्रतारा' १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आले. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, सोबत सुधा मल्होत्रा. पुढे त्याच नावाचा कार्यक्रम दाते यांनी कित्येक दशके केला आणि नाट्यगृहे भरत राहिली. म्हणजे गळाही होता, श्रोताही होता. नव्या तबकड्या मात्र त्या प्रमाणात निघाल्या नाहीत. कारण शोधायचे तर गायकापेक्षा कंपनीच्या कपाटात शोधावे लागते.

आपल्याकडचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली कोलकात्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. दोन बाजू, दोन गाणी. कंपनीला सतत नवा माल लागे, कारण जुना साठवून विकण्याची सोय तिच्याकडे फारशी नव्हती. तबकडी झिजे, फुटे; मागणी सरली की ती यादीतून जाई. या भुकेनेच मराठी भावगीत घडवले असे माझे मत आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी या वकिलीची पदवी घेतलेल्या तरुणाने ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गाऊन तबकडीवर नेली. ती इतकी गाजली की कवितेला चाल लावून तीन मिनिटांत बसवण्याची रीतच पडली. पुढे जोशी स्वतः एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि इतरांना त्या तीन मिनिटांत बसवू लागले.

तबकडीवर गायकाचे घर चालत होते असे समजू नये. बाजा असलेली घरे थोडी. गावात एखाद्याच पडवीत तो असायचा, किंवा गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर प्लेटा लागायच्या. तबकडी ही जाहिरात होती, पोट कार्यक्रमावर. गजानन वाटवे यांना पुण्याच्या गणेशोत्सवात रस्ता अडेल एवढी गर्दी व्हायची. वाटवे १९१७चे, आणि २००९ पर्यंत आपल्यात होते. ज्या तबकड्यांमुळे त्यांचे नाव आजही निघते त्या बहुतेक १९४० आणि १९५०च्या दशकांतल्या. एकदा नाव झाले, की गायकाला जाहिरातीची गरज उरत नाही. हे अर्धे कारण.

उरलेले अर्धे लाँगप्लेने आणले. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक गीत असे ऐकवले गेले. एकूण ५६ गीते, गायक निरनिराळे. एच.एम.व्ही.ने ते पुढे लाँगप्लेच्या संचात आणले तेव्हा आवाज मात्र एकट्या सुधीर फडक्यांचा. तीन मिनिटांची गाणी एकत्र बांधून एक मोठी वस्तू विकता येते, हे लाँगप्लेने दाखवले. मग ७८च्या तबकड्यांतली जुनी गाणी काढून बारा-बारांचे संकलन करायला किती खर्च? कलाकार बोलवायचा नाही, वादक नाहीत, स्टुडिओ नाही. ज्येष्ठ गायकाने नवे गाणे घेऊन जावे, तर त्याच्या आधी त्याचाच तिशीतला आवाज दुकानात उभा! स्वतःशीच स्पर्धा, आणि तीही फुकटात गाणाऱ्याशी.

मधे चारगाणी ईपी आली-गेली. तिच्यावर वेळ घालवत नाही. १९८०च्या दशकात कॅसेटने सगळे उलटेपालटे केले. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने जुनी लोकप्रिय गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली. कायद्यातली पळवाट त्यांनी नेमकी हेरली होती. त्याच लाटेत आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांच्यासारखे गायक घराघरांत पोचले, आणि ज्यांना एच.एम.व्ही.चे दार कधी उघडले नसते अशा कितीतरी लोकगायकांना आवाज मिळाला. त्यामुळे कॅसेटला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. पण भावगीताच्या ज्येष्ठांना त्यातून मिळाले काय, तर स्वतःच्याच गाण्याची दुसऱ्याने गायलेली स्वस्त आवृत्ती.

जपानमध्ये हीच गोष्ट निराळ्या वेषात दिसते. तिथे तबकडीचा बाजार इतरांच्या मानाने फार उशिरा ओसरू लागला. १९८८ मध्ये आठ सेंटिमीटरची छोटी सीडी आली आणि पुढच्या दशकात एका-दोन गाण्यांच्या अशा सीडी प्रचंड खपल्या. नंतर तरुण मुलींच्या गटांच्या सीडीत गायिकेशी हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी घालू लागले. एकच चाहता तीच सीडी अनेकदा विकत घेई. साठीच्या गायकाचा चाहता मात्र एक सीडी घेतो आणि जपून ठेवतो. आकडा एकाच मोजपट्टीवर लागणार असेल, तर ज्येष्ठाने सुटे गाणे वारंवार का काढावे? त्याची कंपनी जुन्या गाण्यांची पेटी विकते, तो स्वतः मैफली करतो. दाते यांचाच हिशेब!

आपल्याकडे ती पेटी २०१७ मध्ये 'कारवां' नावाने आली. एच.एम.व्ही.चीच वारसदार सारेगामा कंपनी, रूप जुन्या रेडिओचे, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. नंतर मराठी आवृत्तीही निघाली. आमच्याकडे चाकरमानी गणपतीला येताना आईवडिलांसाठी ती आणू लागले. काकांच्या ट्रंकेतले कितीतरी त्या पेटीत असेल, आणि भिजल्याशिवाय.

तरीही माझी तक्रार आहे. तबकडीवरच्या त्या गोल कागदावर गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत कवी आणि संगीतकार असायचे. आज मोबाइलवर गाणे लावले की पुष्कळदा गायक दिसतो आणि चित्र कुठल्यातरी संकलनाचे. गाणे १९४८चे की १९७८चे, कळत नाही. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कवी-संगीतकारांचा मानधनातला वाटा कुणाला लिहून देता येणार नाही असा पक्का केला. पण वाटा पोचायला आधी नाव नोंदलेले हवे. ज्येष्ठाची नवी तबकडी निघत असे तेव्हा नावांची ही नोंद निदान पुन्हा एकदा तपासली जाई. जुने नुसते पुढे ढकलले जाते तेव्हा जुनी चूकही पुढे जाते.

अगदी सुरुवातीच्या काळात, गौहरजानच्या वेळी, तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोवरला जात. तिथल्या कारागिरांना नाव कळावे म्हणून गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारी. पुढे ती प्रथा मागे पडली.

वादळात कागद गेलेल्यांपैकी बहुतेक तबकड्या मी आवाजावरून ओळखल्या. एक राहिली आहे. बाईंचा आवाज, साथीला पेटी आणि तबला. गावातल्या नव्वदीच्या एका आजींना ती ऐकवली. दोन्ही बाजूंची गाणी त्यांना पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ होती. गायिकेचे नाव विचारले तर म्हणाल्या, "ते प्लेटेवर असायचं ना रे." मधल्या भागाजवळ कोरलेला आकडा मी वहीत उतरवून घेतला आहे.