धुराड्याचा प्रश्न : सुधारित चूल आणि स्वयंपाकघरातील वायुवीजन यांचा इतिहास

प्रस्तावना

चुलीविषयीचे मराठी लेखन बहुधा स्त्रीजीवनाच्या अंगाने झाले आहे. चूल कोठे मांडावी, छपरापासून ती किती दूर असावी व धुराला वाट कोठून द्यावी, हे प्रश्न त्यात गौण राहिले. वास्तविक सुधारित चुलीच्या यशापयशाचे उत्तर चुलीत कमी आणि घराच्या बांधणीत अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पारंपरिक घरात धुराची सोय अगदीच नव्हती असे नाही. धाब्याच्या घरात छताला साणे ठेवीत. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. परंतु चूल आणि वैल जमिनीलगत, आणि फुंकणी घेऊन बसलेल्या स्त्रीचे तोंड थेट जाळासमोर. धूर वर चढेपर्यंत तो तिच्या डोळ्यांत व छातीत शिरलेला असे. शिवाय धूर सर्वस्वी नकोसाही नव्हता. त्याने छपरातील कीड मरे, पावसाळ्यात माळ्यावरचे धान्य कोरडे राही. सुधारकांनी ही बाजू फारशी लक्षात घेतली नाही.

धूरविरहित चुलीचे प्रयत्न

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग चळवळीतून १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' पुढे आली. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. धूर, काजळी, उष्णता, अपव्यय आणि आगीचा धोका या पाचांपासून मुक्ती हे त्यांचे उद्दिष्ट होते. आगीचा स्वतंत्र उल्लेख येथे महत्त्वाचा वाटतो. तापलेले धुराडे गवताच्या छपरातून किंवा लाकडी वाशांलगत न्यायचे तर भोवती मोकळी जागा अथवा न जळणारे आवरण हवेच. शिवाय धुराड्याचे तोंड छपराच्या बरेच वर काढावे लागते, नाहीतर वाऱ्याने धूर उलटा घरात येतो.

केंद्र शासनाचा सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ मध्ये बंद पडला. या काळात देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. भर राहिला तो सरपणाच्या बचतीवर आणि चुलींच्या संख्येवर. १९८३ मध्येच कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धुराचे मापन प्रसिद्ध केले होते. त्यामुळे आरोग्याची बाजू कोणास ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही.

बसविलेल्या चुलीचे पुढे काय झाले? प्रस्तुत लेखकाच्या आजोळी अशी एक चूल होती. पहिल्याच पावसाळ्यात धुराड्यातून पाणी ठिबकू लागले, तेव्हा त्यात गोणपाटाचा बोळा कोंबण्यात आला. तो पुन्हा कधी निघाला नाही. आजी रोज पोतेरे फिरवून चूल सारवीत असे, पण छपरावर चढून काजळी काढणे हे घरात कोणाचेच काम नव्हते. ओडिशातील दीर्घकालीन पाहणीतही (हॅना, दुफ्लो व ग्रीनस्टोन, २०१६) हेच दिसते. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर घटला. पुढे देखभालीअभावी हा लाभ उरला नाही.

गॅस आणि ओटा

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस ग्रामीण घरांत मोठ्या प्रमाणावर पोहोचविला. येथे वायुवीजनाचा जुना हिशेबच उलटतो. धूर वर चढतो, म्हणून साणे छताला होते. गळणारा गॅस मात्र हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्याला वाट खालून हवी, उंच झरोका पुरेसा नाही. शेगडीही सिलिंडरहून उंच ठेवावी लागते. म्हणजे ओटा आला आणि बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. मात्र अनेक घरांत गॅस चहापुरता राहिला व भाकरी चुलीवरच भाजली जाते. तेथे एकाच खोलीत उघडा जाळ आणि सिलिंडर शेजारी नांदतात. त्या खोलीची रचना कशी असावी, हे ना चुलीच्या कार्यक्रमाने सांगितले होते, ना जोडणीच्या वेळी कोणी विचारले.